अन्नातले जिवाणू शोधणारा हातातला प्रकाशीय सेन्सर : या चुका टाळा

सेन्सर हाती आला की पहिली चूक होते ती ‘दहा मिनिटांत निकाल’ या ओळीवर विसंबण्याची. ती दहा मिनिटं फक्त मोजणीची असतात. नमुना तयार करण्याचा वेळ त्यात धरलेला नसतो, आणि खोटे ‘निगेटिव्ह’ बहुतेक तिथेच तयार होतात.

साधा हिशेब करून पाहा. साल्मोनेला या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जिवाणूसाठी निकष बहुधा ‘२५ ग्रॅम नमुन्यात एकही नको’ असा असतो. २५ ग्रॅम अन्न २२५ मिलिलिटर द्रवात घोटलं की साधारण २५० मिलिलिटर मिश्रण होतं. त्यात एकच जिवाणू असेल आणि तुम्ही चिपवर, म्हणजे सेन्सरच्या नमुना ठेवायच्या पट्टिकेवर, ०.१ मिलिलिटरचा थेंब सोडलात, तर तो जिवाणू त्या थेंबात असण्याची शक्यता अडीच हजारांत एक. जे थेंबात आलंच नाही ते सेन्सरला दिसणार कुठून? शिवाय हातातल्या अनेक उपकरणांना मिलिलिटरमागे हजार ते लाखभर पेशी लागतात. म्हणून आधी पोषक द्रवात जिवाणू वाढवून घ्या, मग जमल्यास प्रतिपिंड (ठरावीक जिवाणूलाच चिकटणारं प्रथिन) लावलेल्या चुंबकीय मण्यांनी ते एकवटून घ्या. वाढवण्याची पायरी वगळून आलेला ‘निगेटिव्ह’ मी तरी निकाल मानत नाही.

दुसरी चूक कॅलिब्रेशनची, म्हणजे सेन्सरचा आकडा किती जिवाणूंचा हे आधी ठरवून घेण्याची. स्वच्छ बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) काढलेला आलेख घेऊन लोक थेट दूध किंवा मांसाचा अर्क मोजायला बसतात. दुधातले स्निग्ध कण प्रकाश विखुरतात. त्यातलं रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) स्वतःच ५२५ नॅनोमीटरच्या आसपास चमकतं, आणि जिवाणू दिसावेत म्हणून खुणेसाठी लावतात त्या फ्लुरेसिन या नेहमीच्या रंगद्रव्याची चमकही साधारण तिथेच येते. मग जिवाणू नसतानाही आकडा वर जातो. लाल टोकाकडचं रंगद्रव्य वापरलं तर दुधाचा प्रश्न बराच सुटतो, पण पालेभाजी तपासताना हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरजवळ चमकून तोच त्रास देतं. म्हणून कॅलिब्रेशन त्याच पदार्थाच्या जिवाणूमुक्त नमुन्यात, ठरावीक संख्येने जिवाणू मिसळून करा. अर्क आंबट असेल तर त्याचा पीएच आधी ७ च्या जवळ आणा. आम्लात प्रतिपिंडांची पकड ढिली पडते.

आकडा हळूहळू सरकत असेल तर तापमान बघा. पृष्ठभाग प्लाझ्मॉन अनुनादावर, म्हणजे एसपीआरवर चालणाऱ्या सेन्सरमध्ये हे फार जाणवतं. असा सेन्सर धातूच्या पातळ थराजवळच्या द्रवाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) प्रकाशाने मोजतो. पाण्याचा अपवर्तनांक एका अंशाला साधारण ०.०००१ ने बदलतो आणि ही यंत्रं त्याहून कितीतरी बारीक फरक टिपतात. शीतपेटीतून काढलेला नमुना तसाच सोडला, तर तुम्ही जिवाणू नव्हे, गारवा मोजता. नमुना, बफर आणि चिप एकाच तापमानाला येऊ द्या, शेजारी तुलनेसाठी प्रतिपिंड नसलेली संदर्भवाहिनी ठेवा आणि बुडबुडे काढा.

उलटी तक्रारही येते : उकळलेल्या नमुन्यातही ‘पॉझिटिव्ह’! इथे यंत्र बिघडलेलं नसतं. प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतं. पेशी जिवंत आहे की मेलेली हे त्याला कळत नाही. वाढीआधी आणि वाढीनंतर मोजा. आकडा वाढला तर काहीतरी जिवंत आहे. प्रत्येक ‘पॉझिटिव्ह’ची संवर्धन (जिवाणू वाढवून ओळखणं) किंवा पीसीआरने (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) खात्री करून घ्या.

जिवाणू असल्यास रेघ उमटणारी चाचणीची कागदी पट्टी मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचत असाल तर स्वयंचलित एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बंद करा, बाहेरचा उजेड अडवा. नाहीतर कॅमेरा फिकट रेघ स्वतःच्या मनाने उजळतो किंवा पुसतो. पट्टीचं पाकीट वापराच्या क्षणीच फोडा, ओल आत गेली की द्रवाचा प्रवाह बिघडतो. पट्टी नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण रेघ उमटली नाही तर ती चाचणी रद्द समजा.

भरपूर वाढलेल्या नमुन्यात जिवाणू दाखवणारी चाचणी रेघ अनपेक्षितपणे फिकट आली, तर तोच नमुना दहापट आणि शंभरपट पातळ करून पुन्हा लावा. लक्ष्य फार झालं की सुट्या पेशीच पकडण्याच्या जागा अडवून बसतात, आणि पातळ केल्यावर रेघ गडद होते.