समुद्री खेकड्याचे लार्वा वाढवताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टला खेकडा निवडला की पहिली गफलत तिथेच होते. मुलं तापीकाठचा नाहीतर सातपुड्याच्या नाल्यातला खेकडा आणतात आणि झोइयाची (समुद्री खेकड्याच्या अंड्यातून निघणाऱ्या तरंगत्या पहिल्या लार्वाची) वाट बघत बसतात. तो दिसणारच नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंड्यातून थेट इवलासा खेकडाच बाहेर पडतो आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतो. झोइया बघायचा तर खाऱ्या पाण्यातला खेकडा हवा. आपल्याला सोयीची सुरतेकडची खाडी. तिथल्या चिखलात फिडलर खेकडे मिळतात. एक नांगी भलीमोठी दिसते तो नर, त्याला उचलून उपयोग नाही. मादीच्या दोन्ही नांग्या छोट्या असतात. पोटाखाली अंडी असलेली मादी घ्या. भिंगातून त्या अंड्यांत काळे डोळे दिसायला लागले असतील तर प्रवास टाळा, पिल्लं वाटेतच सुटतील.

खरं नुकसान पाणी करतं. घरातलं मीठ टाकून समुद्र तयार होत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम नसल्यासारखंच असतं. मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ घ्या, आणि ते बोअरच्या जड पाण्यात नको, आरओच्या पाण्यात विरघळवा. क्षारता हजारी ३० ते ३५ ठेवा. आता आपल्याकडची खास अडचण. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बीकरमधलं पाणी भराभर उडतं, मीठ मात्र आतच राहतं. पातळी उतरली म्हणून पुन्हा खारं पाणी ओतलं की क्षारता चढत जाते आणि लार्वा तळाला बसतात. बीकरवर मार्करने रेघ मारा आणि रोज तेवढी भर आरओच्या साध्या पाण्यानेच घाला. भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तर हा प्रयोग काढूच नये. हिवाळ्यात करा आणि पाणी २५ ते २८ अंशांवर ठेवा.

खाद्याची चूक त्यामानाने साधी. पहिल्या झोइयाच्या तोंडाला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) मोठा पडू शकतो, म्हणून सुरुवात रोटिफर या त्याहून बारीक जीवाने करावी. उरलेलं खाद्य रोज काढा.

टप्पे ओळखताना घाई होते. फिडलरमध्ये साधारण पाच झोइया टप्पे, मग मेगालोपा, म्हणजे खेकड्यासारखा दिसू लागलेला शेवटचा लार्वा. आकारावर जाऊ नका, पोहण्याच्या पायांच्या टोकाचे पिसासारखे केस मोजा: पहिल्या टप्प्यात ४, दुसऱ्यात ६. पहिल्या झोइयाचे डोळे जागीच चिकटलेले असतात, दुसऱ्यापासून देठावर येतात. तळाशी पडलेलं प्रत्येक कवच म्हणजे मेलेला लार्वा, असंही लिहू नका. पारदर्शक आणि आतून पोकळ असेल तर ती कात. मेलेला पांढरट, गढूळ दिसतो. (एके काळी शास्त्रज्ञांनी झोइया हा वेगळाच प्राणी मानला होता. तो खेकड्याचं पिल्लू आहे हे जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी १८२८च्या सुमारास दाखवलं, तेव्हा विद्यार्थ्यांवर फार रागावू नये.)

मेगालोपा आले की त्यांना एकत्र ठेवू नका. नांग्या फुटलेल्या असतात, एकमेकांना खातात. प्रत्येकाला वेगळी वाटी आणि धरून बसायला जाळीचा तुकडा द्या. नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि त्याच बाटलीत कातही टाका. केस मोजायला कात जास्त सोपी पडते.