थंडीने जास्वंद करपली? लगेच उपटू नका
आमच्या दापोलीत थंडी कडक पडली की अंगणातली जास्वंद पार खराटा होते, पानं काळी पडून गळतात आणि आई म्हणते उपटून टाक. थांबा हो जरा! नखाने फांदीची साल खरवडा, आत हिरवं ओलं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं लागलं तर तेवढी फांदी गेली, मग तसंच खाली खाली खरवडत जायचं. पण कात्री लगेच नको, फेब्रुवारीअखेर फांदीवर डोळे (नवे कोंब) फुटले की हिरव्याच्या जरा वर तिरका कट मारा. तोवर खत अजिबात नाही, पाणी पण २ इंच खाली माती कोरडी लागली तरच. बुंध्याशी पातेरा (वाळका पालापाचोळा) टाका, फक्त खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते (आमची एक अशीच गेली). कुंडीतली असेल तर रात्री सरळ पडवीत घ्या.