कोकणातलं जुनं घर घेताय? विसार देण्याआधी तपासणी अशी करून घ्या

पुणेकरांचा कोकणात घर बघायला जायचा हंगाम ठरलेला आहे: दिवाळीनंतर, नाहीतर मे महिन्यात. ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे श्रीवर्धन, दापोली, गुहागर. अंगणात आंबा, मागे माड, पडवीत वारा, आणि भिंतींना नुकताच मारलेला रंग. नेमकं त्याच वेळी घर सगळ्यात कोरडं असतं आणि त्याचे दोष सगळ्यात कमी दिसतात. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३००० च्या वर. त्यामुळे माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: तडे मोजत बसण्याआधी पाणी शोधा. पाणी आणि मीठ घरात कुठून शिरतं, कुठे मुरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट आहे का, एवढं कळलं की समुद्रकाठच्या घराचं बरंचसं दुखणं कळतं.

आधी वेळ साधा, मग व्यवहार

घर मे महिन्यात आवडलं असेल तर उत्तम, पण जुलै-ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा जा. सलग तीन-चार दिवस पाऊस लागून राहिला असेल तेव्हा गेलात तर आणखी चांगलं. घाटाची चौकशी करून निघा. वरंधा पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो आणि ताम्हिणीतही दरडी येतात. मालक तेवढा थांबायला तयार नसेल, तर निदान सप्टेंबरअखेर, भिंती ओल्या असतानाच घर पाहा.

विसार द्यायची घाई करू नका. द्यावाच लागला तर विसार पावतीवर स्पष्ट लिहून घ्या की स्ट्रक्चरल तपासणीचा अहवाल समाधानकारक आला नाही तर रक्कम पूर्ण परत मिळेल. ‘एवढं काय तपासायचंय, पन्नास वर्षं उभं आहे घर’ असं म्हणून मालक तपासणीलाच नकार देत असेल, तर मी तरी तो व्यवहार तिथेच सोडेन. सातबारा, आठ अ, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, सामाईकातल्या भावबंदांच्या संमत्या हे सगळं वकिलाचं काम. ते तपासणीच्या आधी सुरू झालेलं बरं, म्हणजे नावावर न होणाऱ्या घराच्या चाचण्यांवर पैसे जाणार नाहीत.

तपासणीला कोणाला न्यायचं

स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. एजंटच्या ओळखीचा ठेकेदार नको. ठेकेदाराला दुरुस्तीचं काम मिळवायचं असतं, एजंटला व्यवहार पार पाडायचा असतो. पुण्यातले इंजिनिअर हुशार आहेत, पण त्यांचं बहुतेक आयुष्य मुरमावर आणि काळ्या पाषाणावर उभ्या असलेल्या आरसीसी इमारतींमध्ये गेलेलं असतं. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, सांध्यांच्या दर्जांत माती भरून रचलेली भिंत त्यातल्या अनेकांनी हाताळलेली नसते. म्हणून विचारताना सरळ विचारा: समुद्रकाठची किती घरं पाहिलीत, जांभ्याची किती? शिवाय गावातला एखादा वयस्क सुतार आणि गवंडी त्या दिवशी सोबत घ्या. त्यांची दिवसाची मजुरी द्या. घराला तुळई कुठल्या लाकडाची आहे आणि ती कधी बदलली, हे त्यांना बरेचदा कागदांपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

कामाच्या पत्रात तीन गोष्टी लिहून घ्या. इंजिनिअर माळ्यावर चढेल आणि कौलं सरकवून वासे पाहील. मालकाच्या परवानगीने दोन-तीन आडबाजूच्या जागी गिलावा काढून आतली भिंत पाहील. आणि अहवालात फोटो, दोषाचं कारण व दुरुस्तीचा अंदाजे खर्च असेल. मानधन, प्रवास आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या यांचे आकडे वेगवेगळे मागा.

चिऱ्याचं घर असेल तर

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण तो सच्छिद्र असतो आणि जमिनीतलं पाणी वर ओढतो. जुन्या गवंड्यांना हे माहीत होतं. म्हणून जोतं उंच, वळचण लांब आणि भिंतीला चुन्याचा गिलावा. चुन्यातून ओल बाहेर पडून वाळून जाते. पुढे कधीतरी कोणीतरी ‘पक्कं’ करायचं म्हणून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट मारतो. मग ओलीला बाहेर पडायची वाट उरत नाही, ती भिंतीतच आणखी वर चढते. आत चिऱ्यांच्या सांध्यात माती भरलेली असेल तर ती भिजून भिजून बसते.

जमिनीपासून कमरेपर्यंत भिंत नीट पाहा. पोपडे, पांढरा खार, हाताला लागणारी भुकटी. एखाद्या भिंतीला खालच्या तीन फुटांपर्यंतच नवीन टाइल्स किंवा लाकडी पॅनेल लावलेलं असेल तर त्यामागे काय आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतीवर झडीचा मारा सगळ्यात जास्त. ती भिंत आतून-बाहेरून वेगळी तपासा.

मग ओळंबा. भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडून खाली किती अंतर पडतं ते पाहायचं. आडव्या तुळया कुजल्या किंवा कोणी हॉल मोठा करण्यासाठी काढून टाकल्या, तर छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो आणि भिंत माथ्यापाशी बाहेर झुकते. हा दोष गंभीर आहे. गिलाव्याने तो बुजत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा बहुतेक वेळा पाया बसल्याचं सांगतो. तड्याच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि पुढच्या फेरीत तडा पुढे सरकलाय का ते पाहा. जुना, थांबलेला तडा आणि दरवर्षी वाढणारा तडा यांची किंमत सारखी नसते.

लाकडाची परीक्षा भिंतीत शिरलेल्या टोकाशी घ्या. तुळई मधोमध खणखणीत असते आणि भिंतीत गेलेलं वीतभर टोक भुसा झालेलं असतं. सुताराला टोच्या घेऊन तिथेच टोचायला सांगा. सागात किंवा जुन्या फणसात टोक जेमतेम रुततं. कुजलेल्या लाकडात ते आवाज न करता आत जातं आणि बाहेर येताना ओली भुकटी घेऊन येतं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल दाखवली तर तिथे कूज धरण्याचा धोका आहे. वाळवीच्या मातीच्या वाटा जोत्यापासून वर शोधत जा, देव्हाऱ्याची आणि न्हाणीघराची मागची बाजू विसरू नका.

स्लॅबचं घर असेल तर जास्त सावध राहा

हे अनेकांना उलटं वाटेल. चिऱ्याचं दोन पिढ्यांचं घर भीतीदायक दिसतं आणि १९८५-९० च्या सुमाराचा स्लॅबचा बंगला सुरक्षित दिसतो. माझा अनुभव असा की समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेला तो बंगलाच जास्त वेळा दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला निघतो. चिऱ्याचं दुखणं डोळ्यांना दिसतं आणि तुकड्यातुकड्याने बरं करता येतं. काँक्रीटचं दुखणं आत सळईला लागतं.

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई अल्कधर्मी आवरणात सुरक्षित असते. खाऱ्या हवेतलं क्लोराइड हळूहळू आत झिरपतं, ते आवरण भेदतं आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. तुळईच्या खालच्या अंगाला सळईच्याच रेषेत धावणारा तडा, छज्ज्याखाली तांबूस ओघळ, स्लॅबचा सुटलेला पापुद्रा ही त्याची लक्षणं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या बांधकामाच्या २००० सालच्या भारतीय मानकानुसार समुद्रकाठच्या हवेत सळईवर ४५ मिलिमीटर आणि खाऱ्या तुषारांच्या माऱ्यात ५० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर हवं. जुन्या स्लॅबमध्ये मला अनेकदा १५ मिलिमीटरही मिळालेलं नाही.

छोटी हातोडी घेऊन स्लॅबखाली ठोकत जा. चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. बद्द आवाजाच्या जागा खडूने रंगवत गेलात तर अर्ध्या तासात छतावर नकाशा तयार होतो. तो बहुधा न्हाणीघर, गच्चीवरची टाकी आणि समुद्राकडची बाजू यांच्याभोवती दाट होत जातो.

यापुढचं काम यंत्रांचं. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी काँक्रीटचा दर्जा सांगतात. हाफ-सेल चाचणी सळई गंजण्याची शक्यता सांगते. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होतं आणि कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेमुळे अल्कधर्मी गुण गेलेला भाग रंगहीन राहतो. पण समुद्राकाठी केवळ गुलाबी रंगावर समाधान मानू नका. काँक्रीट गुलाबी होतं आणि तरी त्यात मीठ असू शकतं. म्हणून क्लोराइडची चाचणी मागा आणि ती पृष्ठभागापासून आत वेगवेगळ्या अंतरावर ड्रिलने काढलेल्या भुकटीवर करायला सांगा. पृष्ठभागावर मीठ जास्त आणि आत कमी होत गेलं तर ते हवेतून आलंय. बाहेरपासून आतपर्यंत सारखंच असेल तर ते बांधतानाच मिसळलं गेलंय: न धुतलेली खाडीची वाळू किंवा खारट विहिरीचं पाणी. फुटलेल्या काँक्रीटमध्ये शिंपल्यांचे तुकडे दिसले तर संशय आणखी पक्का. मानकाची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो क्लोराइडची आहे.

हा फरक पैशांचा आहे. हवेतून आलेलं मीठ थोड्या भागात असेल तर खराब काँक्रीट काढून, सळई साफ करून, नवीन थर देता येतो. मीठ सगळीकडे असेल तर एका जागी केलेलं ठिगळ शेजारच्या सळईचा गंज उलट वाढवतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याच ठिगळाच्या कडेने काँक्रीट फुटतं. ‘वॉटरप्रूफिंग करून घेऊ, झालं’ असं म्हणणाऱ्याला हा अहवाल दाखवा. कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला गोल नमुना) आणि क्लोराइडच्या चाचण्या पुण्यात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत होतात, त्यामुळे नमुने घेऊन यायला हरकत नाही.

छप्पर आणि वादळ

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात छपरं उडाली, माड-पोफळी झोपल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून गेलं. शेजारच्या काकूंना विचारा, ‘निसर्गात या घराचं काय झालं होतं?’ मालकापेक्षा त्या खरं सांगतील. घाईत टाकलेले पत्रे, गंजलेले हूक, वाशांना नुसत्या खिळ्यांनी धरलेल्या रिपा हे सगळं छपरावर दिसतं. वासे भिंतीला घट्ट बांधलेले आहेत का, हे इंजिनिअरने लेखी सांगावं. घराकडे झुकलेला माड असेल तर तोही अहवालात यावा.

विहीर, उतार, सेप्टिक टँक

विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखून पाहा. गोडं पाणी तेव्हाच मचूळ होतं. अंगणाचा उतार घराकडे आहे की घरापासून दूर, हे पावसात पाच मिनिटांत दिसतं. मागून डोंगराचं पाणी उतरत असेल तर चर आहे का ते पाहा. वायरिंग बहुधा बदलावंच लागतं, खर्चात धरून टाका.

अहवाल हातात आल्यावर

शेवटच्या पानावरचं ‘घर राहण्यायोग्य आहे’ हे वाक्य पुरेसं नाही. दोष तीन गटांत मागा: लगेच करायचं, दोन वर्षांत करायचं, नुसतं लक्ष ठेवायचं. मग किमतीची बोलणी त्या आकड्यांवर करा.

अहवाल ‘पाडून बांधा’ म्हणत असेल तर त्याआधी सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम तपासा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार दाट वस्ती नसलेल्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. तिथल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी होऊ शकते, पण आत्ता आहे त्याच जोत्याच्या आणि चटईक्षेत्राच्या मर्यादेत. असेसमेंटला घरपट्टी लागते म्हणजे बांधकाम अधिकृत आहे, असं होत नाही. पाडायच्या लायकीचं घर आणि पुन्हा बांधायची परवानगी नाही, अशा जागेला घराची किंमत देऊ नका.

व्यवहार झालाच तर दुरुस्ती छपरापासून सुरू करा, भिंती त्यानंतर. वरून गळत असताना चुन्याचा गिलावा करून उपयोग नाही. सुतार आणि गवंड्यांना डिसेंबरातच सांगून ठेवा, कारण एप्रिल-मेमध्ये अख्ख्या गावाची शाकारणी एकदम निघते आणि मिरगाच्या आत तुमच्या घरावर चढायला माणूस मिळत नाही.