रिसायकल गॅसची शुद्धता बदलली तर आधी काय पाहावं

सेमी-रिजनरेटिव्ह रिफॉर्मरवर (नॅफ्थाचं ऑक्टेन वाढवणारं, कॅटॅलिस्ट ताजा करण्यासाठी मधूनमधून बंद करावं लागणारं युनिट) नव्याने आलेल्यांसाठी.

रिसायकल गॅसमधला (रिॲक्टरकडे परत फिरवल्या जाणाऱ्या गॅसमधला) हायड्रोजन, म्हणजे त्याची शुद्धता, 82 वरून 76 टक्क्यांवर आला आणि ऑक्टेनही घसरलं, की हात आपसूक हीटरकडे जातो. तो आवरा. फीडमध्ये सल्फर आलं असेल तर वाढवलेल्या तापमानाने फक्त कोक वाढतो.

आधी सेपरेटरचं (गॅस आणि द्रव वेगळे करणाऱ्या पात्राचं) तापमान बघा. उन्हाळ्यात कूलर कमी पडला की प्रोपेन-ब्युटेन द्रवात न उतरता गॅसमध्येच राहतात. कॅटॅलिस्टला काहीही झालेलं नसतं. गॅसची घनता बदलल्यामुळे गॅसचा प्रवाह मोजणाऱ्या ऑरिफिस मीटरचा आकडाही दुरुस्त करूनच वाचावा लागतो.

सेपरेटर ठीक असेल तर पहिल्या रिॲक्टरचा डेल्टा टी (आत जाताना आणि बाहेर येतानाच्या तापमानांतला फरक) बघा. नॅफ्थीनमधला (फीडमधल्या वलयाकार हायड्रोकार्बनमधला) हायड्रोजन सुटण्याची उष्णताशोषक क्रिया मुख्यतः तिथेच, कॅटॅलिस्टमधल्या प्लॅटिनमवर होते. सल्फर प्लॅटिनमवर बसलं की हा डेल्टा टी पडतो, हायड्रोजन घटतो. डिटेक्टर ट्यूबने रिसायकल गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड लगेच मोजा, लॅबच्या अहवालासाठी थांबू नका. तो वाढलेला असेल तर इनलेट तापमान 480 अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याखाली आणा आणि गॅस स्वच्छ होईपर्यंत तिथेच ठेवा. कॅटॅलिस्टवरून सल्फर असं उतरतं, आर्सेनिक उतरत नाही.

शुद्धता वाढली, तरी लगेच खूश होऊ नका. एलपीजी आणि ऑक्टेन दोन्ही कमी होत असतील तर कॅटॅलिस्टला आम्लता देणारं क्लोराइड जातंय. कारण बहुधा पाणी किंवा नायट्रोजन. नायट्रोजनचा अमोनिया होतो, त्यातून अमोनियम क्लोराइडचं मीठ कूलरमध्ये, कॉम्प्रेसरमध्ये आणि स्टॅबिलायझरच्या (मालातून एलपीजी वेगळा करणाऱ्या स्तंभाच्या) माथ्याशी साचतं. पाणी न थांबवता क्लोराइडचा डोस वाढवला तर क्लोराइड धुऊन जातं आणि पुढे गंज चढवतं.

मूळ शोधायचं ते नॅफ्था हायड्रोट्रीटरमध्ये (रिफॉर्मरच्या आधी नॅफ्थातलं सल्फर काढणाऱ्या युनिटमध्ये). रिफॉर्मरच्या फीडमध्ये सल्फर साधारण 0.5 पीपीएमच्या आत हवं. हायड्रोट्रीटरचे नमुने तीन घ्या: रिॲक्टर आउटलेट (सँपल कूलरमधून), फीड-एफ्लुअंट एक्स्चेंजरनंतर (तिथे रिॲक्टरमधून निघणारा गरम माल येणाऱ्या फीडला तापवतो) आणि स्ट्रिपरच्या (विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड काढणाऱ्या स्तंभाच्या) तळाशी. पहिल्या दोघांतला विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड कॉस्टिकने धुऊन मगच एकूण सल्फर तपासा, नाहीतर आकडा फसवतो. आउटलेट स्वच्छ आणि एक्स्चेंजरनंतर सल्फर, तर नळी गळतेय: फीडच्या बाजूचा दाब जास्त असल्याने कच्चा नॅफ्था शुद्ध मालात मिसळतो. आउटलेटलाच सल्फर असेल तर कॅटॅलिस्ट थकलाय, किंवा तापमान 340 अंशांच्या पुढे गेल्याने ओलेफिन आणि हायड्रोजन सल्फाइड पुन्हा जुळून मर्कॅप्टन (सल्फरची संयुगं) होतायत. मर्कॅप्टन होत असताना तापमान वाढवलं तर प्रकरण आणखी बिघडतं. फक्त स्ट्रिपरच्या तळाशी दिसलं तर रीबॉयलरची उष्णता आणि रिफ्लक्स बघा, मग स्ट्रिपरच्या फीड-बॉटम एक्स्चेंजरची गळती तपासा.