कंदील, पाटी आणि असोसिएशनची नोटीस: न्यू जर्सीत या चुका टाळा

दारात कंदील लावला आणि आठवड्याभरात असोसिएशनची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, नोटीस आली, की बहुतेक जण दोनपैकी एक करतात. निमूट कंदील उतरवतात, नाहीतर 'अमेरिकेत स्वातंत्र्य आहे' म्हणत भांडायला निघतात. दोन्हींत घाई आहे. आधी बघायचं ते हे, की नियम नेमका कोणाचा आहे.

टाउनशिप आणि असोसिएशन एकच समजणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. टाउनशिप म्हणजे गावाचं स्थानिक सरकार, त्यामुळे संविधानातलं भाषणस्वातंत्र्य तिला बांधील ठेवतं. मिसूरीतल्या लडू गावाने घरांवरच्या जवळजवळ सगळ्या पाट्यांना बंदी घातली होती. एका बाईंनी खिडकीत युद्धविरोधी कागद लावला, आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाचा तो नियम रद्द केला. असोसिएशन मात्र खासगी संस्था. तिचे नियम घर घेताना आपणच मान्य केलेले असतात, त्यामुळे तिथे या निकालाचा दाखला चालत नाही.

न्यू जर्सीत थोडी वेगळी वाट आहे, कारण या राज्याचं संविधान काही प्रसंगी खासगी संस्थांनाही लागू होतं. ईस्ट विंडसरमधल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीचा नियम असा होता: प्रत्येक खिडकीत एक पाटी, आणि घरापासून तीन फुटांच्या आतल्या फुलझाडांच्या वाफ्यात एक. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम योग्य ठरवला. पार्सिपनीत टाउन कौन्सिलच्या एका उमेदवाराला स्वतःच्याच टाउनहाउसमधल्या प्रचाराच्या पाट्या काढायला लावल्या होत्या. तिथे 'घर विकणे आहे' एवढीच पाटी चालत असे. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. थोडक्यात, मर्यादा घालता येते, सरसकट बंदी नाही. तुमच्याकडचा नियम आकार, संख्या किंवा जागेपुरता असेल, तर माझ्या मते वकिलावर पैसे घालवू नका. शिवाय हे निकाल राजकीय पाट्यांबद्दल आहेत. कंदिलाबद्दलही न्यायालय हेच म्हणेल असं गृहीत धरू नका.

झेंड्याचंही तसंच. २००५ चा केंद्रीय कायदा अमेरिकेच्या झेंड्याला असोसिएशनपासून संरक्षण देतो. पंधरा ऑगस्टचा तिरंगा किंवा भगवा त्यात येत नाही.

दिवाळी ख्रिसमसच्या तारखांत बसेल असं मानणं

'सणाची रोषणाई थँक्सगिव्हिंगनंतर लावावी, जानेवारीच्या मध्यापर्यंत उतरवावी' अशा धर्तीचा नियम असला, तर त्यात दिवाळी कधीच बसणार नाही. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, आणि लक्ष्मीपूजन त्याच्या आधीच होऊन जातं. मग कोणी उत्साही शेजारी असोसिएशनच्या बोर्डाकडून तारखा वाढवून आणतो, त्याही ठरावीक: वीस ऑक्टोबर ते पाच नोव्हेंबर वगैरे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, लक्ष्मीपूजन आठ नोव्हेंबरला. बसली का पुन्हा बाहेर!

त्यामुळे तारखा मागूच नका, दिवस मागा. 'कोणत्याही सणाच्या आधी दहा दिवस, नंतर पंधरा दिवस' असं वाक्य मागितलं की त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील राहू शकतो, आणि कोणा एका धर्माला सवलत दिली असंही दिसत नाही. ऑक्टोबरभर ओट्यावर हॅलोविनचे सांगाडे आणि फुगवलेले भोपळे चालत असतील, तर तोच तुमचा मुख्य मुद्दा. अर्ज उन्हाळ्यात करा. नवरात्रात केलेल्या अर्जावर बोर्डाची बैठक होईपर्यंत भाऊबीज उलटलेली असते.

आपल्या घराची भिंत आपलीच, हा समज

टाउनहाउसमध्ये बाहेरची भिंत, साइडिंग, पन्हळ हे बऱ्याचदा असोसिएशनच्या मालकीचं असतं. मास्टर डीड, म्हणजे वसाहतीचा मूळ दस्त, उघडून बघा. खिळा ठोकू नका, प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात. गुढीची काठी डेकच्या कठड्याला दोरीने बांधली तर निदान भोक पाडल्याची तक्रार येत नाही. रस्त्याकडेची झाडं अनेक गावांत शेड ट्री कमिशनच्या (गावाच्या वृक्ष समितीच्या) ताब्यात असतात, त्यांवर माळा गुंडाळू नका.

फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी तुम्ही कापत असलात तरी सहसा सार्वजनिक हद्दीत येते. गणेशोत्सवात मंडळाच्या बाण दाखवणाऱ्या पाट्या गायब होतात त्या इथूनच. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाला, चर्चच्या दिशादर्शक पाट्यांना राजकीय पाट्यांपेक्षा कडक नियम लावल्याबद्दल, अडवलं होतं. पण सगळ्यांना सारखे लागू असणारे आकाराचे, जागेचे नियम गाव करू शकतं. वळणावर गाडीवाल्याची नजर अडवणारी पाटी तर कुठेच टिकत नाही.

विजेचं थोडक्यात: माळ आणि कॉर्ड दोन्ही बाहेर वापरण्याजोग्या हव्यात, आणि प्लग जीएफसीआय सॉकेटमध्येच (वीज गळली की आपोआप बंद होणारं सॉकेट). राष्ट्रीय विद्युत संहितेत सणाच्या तात्पुरत्या रोषणाईला नव्वद दिवसांची मुदत आहे. दिवाळीची माळ होळीपर्यंत ठेवणाऱ्यांनी मोजून बघावं.

नोटीस आल्यावर

नियमाचा क्रमांक लेखी मागा, सजावटीचा तारखेसह फोटो काढून ठेवा. अशा वादांसाठी कोर्टाबाहेर तंटा मिटवण्याची सोय देणं न्यू जर्सीत असोसिएशनला कायद्याने बंधनकारक आहे. ती लेखी मागा. रागाच्या भरात महिन्याची मेंटेनन्स फी मात्र थांबवू नका. थकबाकीसाठी असोसिएशन घरावर बोजा चढवू शकते.