केटल लावली की व्हॅनमधला इन्व्हर्टर बंद पडायचा

बॅटरी पूर्ण भरलेली, तरी ९०० वॅटची केटल लावताच १००० वॅटचा इन्व्हर्टर पीं-पीं करून बंद. केटल चालू असतानाच मल्टीमीटर लावला: बॅटरीवर १२.४ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर जेमतेम १०.५. दोष मधल्या वायरचा! १२ व्होल्टवर ९०० वॅट म्हणजे ७५ अँपिअर, शिवाय इन्व्हर्टरचा तोटा. जुनी बारीक वायर हाताला चांगलीच गरम लागत होती.

इन्व्हर्टर बॅटरीजवळ सरकवला, ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १५० अँपिअरचा फ्यूज. तो केबल वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे इन्व्हर्टरपाशी लावून उपयोग नाही. बाहेरची वीज आणि इन्व्हर्टर कधीच एकत्र येऊ नयेत म्हणून चेंजओव्हर स्विचही घातला. आता केटल चालू असताना फरक फक्त ०.२ व्होल्ट.