पुण्याच्या नदीकाठचं जुनं दप्तर: कुठे शोधावं, कसं मागावं

मुठेकाठचा वाडा, घाट किंवा रस्तारुंदीत गेलेली जागा, कशाचाही जुना कागद शोधताना महिने वाया जातात ते अर्ज भलत्याच कार्यालयात गेल्यामुळे. म्हणून आधी कागदाचं साल आणि तेव्हाची हद्द नक्की करा.

पुणे महानगरपालिका 15 फेब्रुवारी 1950 रोजी स्थापन झाली. त्यापूर्वी शहर नगरपालिका आणि उपनगर नगरपालिका वेगवेगळ्या होत्या, तेव्हा जुना कागद मागताना दोन्हींचा उल्लेख करा. जागेचं जुनं नावही लिहा: शिवाजीनगर दप्तरात भांबुर्डे म्हणून सापडतं, गुरुवार पेठ वेताळ पेठ म्हणून. 1997, 2017 आणि 2021 मध्ये हद्दीत आलेल्या गावांचं आधीचं दप्तर ग्रामपंचायतीचं, तिथे घराची नोंद नमुना 8 मध्ये असते. पेशवाईतले कागद पुणे पुराभिलेखागारात आहेत. ते बहुतांशी मोडीत असल्याने मोडी वाचणारा माणूस सोबत हवा.

मालकीसाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घ्या. महापालिकेचा कर आकारणीचा उतारा मालकीचा पुरावा ठरत नाही. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरानंतर वसवलेल्या गोखलेनगरसारख्या वसाहतींच्या जमिनीचे कागद जिल्हाधिकारी कार्यालयात शोधा. निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुख्य सभेचे आणि स्थायी समितीचे ठराव नगरसचिव विभागात मिळतात. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले. त्या काळातले निर्णय प्रशासकांचे ठराव म्हणून मागा.

अर्जापूर्वी दप्तर डोळ्यांनी पाहणं सगळ्यात उपयोगाचं. 2018 च्या शासन परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. तिथे फाईलचा क्रमांक, ठरावाचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या. हे तीन आकडे हाती असले की ‘माहिती आढळून येत नाही’ असं उत्तर देणं कठीण होतं.

मग माहिती अधिकाराचा अर्ज नमुना ‘अ’ मध्ये करा. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांच्या आत बसवा. ‘परवानगी का दिली?’ असं विचारलं की अर्ज फेटाळला जातो, कारण कायद्याने दप्तरात असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. त्याऐवजी ‘अमुक क्रमांकाच्या फाईलमधील टिप्पणी, नकाशा व मंजुरी आदेशाच्या साक्षांकित प्रती’ मागा. परवानगीचं कारण त्या टिप्पणीतच लिहिलेलं असतं. प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. कार्यालय चुकलं तरी कलम 6(3) प्रमाणे अर्ज 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा, 20 रुपयांच्या स्टॅम्पसह. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती विनाशुल्क द्यावी लागते, हे अपिलात आवर्जून लिहा. त्यानंतरचं अपील 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातं.

फाईल नष्ट केल्याचं सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका. अभिलेखांचं वर्गीकरण असतं: ‘अ’ कायमचे, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10 वर्षं, ‘क-1’ 5 वर्षं, ‘ड’ 1 वर्ष. त्या फाईलचा वर्ग, ती नष्ट केल्याची तारीख, मंजुरीचा आदेश आणि नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतलं पान मागा. तशी नोंदच नसेल तर फाईल गहाळ आहे, आणि मग अपिलात शोध घेण्याचा आदेश मागता येतो.